पॅरीबाईंकडची रेगिना

आमच्या नान्टवेनमध्ये कोणाच्या हातून चूक झाली, तर ती आधी हॉरेब चॅपेलच्या पायऱ्यांवर पोचते आणि मग करणाऱ्याच्या लक्षात येते. रेगिना हिर्शलरची पहिली चूक अशीच पोचली. १९३९ सालचा मार्च महिना होता, रविवार होता, आठवडाभराने ऊन पडलं होतं. रेगिनाने सकाळी उठून मोठी धुणी काढली आणि चार चादरी, सहा अभ्रे आणि पॅरीबाईंचे फ्लॅनेलचे दोन झगे मागच्या अंगणात दोरीवर टाकले. ते अंगण चॅपेलच्या वाटेवरच आहे. अकराच्या प्रार्थनेला निघालेलं सगळं गाव त्या झग्यांखालून गेलं.

वेल्सच्या खाणीच्या खोऱ्यात रविवारी धुणं वाळत घालणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे माणूस शनिवारी पिऊन गटारात पडला तर त्याला उचलून घरी पोचवतात; रविवारी ज्याच्या दोरीवर मोजा दिसला, त्याचं नाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या निघतं.

रेगिना ऑस्ट्रियातल्या मॅटर्सडॉर्फची. आपल्या धर्माचं काटेकोर पाळणाऱ्या ज्यूंचं ते गाव. तिथे ती आणि तिची धाकटी बहीण योलान हंसाच्या पिसांच्या रजया करून विकत. स्वतःचं दुकान होतं, हाताखाली दोन बायका होत्या. नाझी आले आणि गावातल्या एकूण एक ज्यूला घराबाहेर काढून व्हिएन्नाला पिटाळलं. तिथे एका खोलीत आठ जणं. बाहेर पडायची एकच फट उरली होती: इंग्रजांना घरकामाला बायका हव्या होत्या. जिला कोणी मालकीण मिळेल, तिला परवाना. एक्केचाळीस वर्षांची रेगिना एक पेटी घेऊन निघाली ती योलानला सांगून, "तिथे पोचले की आधी तुझ्यासाठी मालकीण शोधते, मग पायातले बूट काढते."

मिळालेली मालकीण म्हणजे गेनर पॅरी. कापडाच्या दुकानदाराची विधवा, वय अठ्ठावन्न, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. परवान्यावर पॅरीबाईंचंच नाव होतं. त्यांची नोकरी सुटली की परवाना संपला आणि परवाना संपला की आल्या वाटेने परत. रोज सकाळी शेगडीतली राख काढताना रेगिनाला हे आठवे. दुकानात दोन बायकांना कामाला लावणारी ती आता कोणाच्या तरी बुटांना पॉलिश करत होती, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटायला सवड लागते. तिचं सगळं लक्ष योलानकडे होतं.

धुण्याच्या प्रकरणानंतर हॉरेबचे पंच आयझॅक बेवन घरी आले. गावातलं पोस्टही तेच चालवत. टोपी गुडघ्यावर ठेवून ते पॅरीबाईंना म्हणाले, "गेनर, हे बरं दिसत नाही. लोक विचारतायत, तुमच्याकडे आता रविवार बंद झाला का?"

"तिचा रविवार शनिवारी असतो," पॅरीबाई म्हणाल्या. "ज्यू आहे ती. काल दिवसभर काडीला हात लावला नाही तिने. मीच चूल पेटवली."

बेवन चपापले. जन्मभर त्यांनी मोशे, अब्राहम आणि जॉर्डन नदी यांच्याखेरीज दुसरं काही मनापासून वाचलं नव्हतं, आणि त्या बायबलातलं माणूस समोर बटाटे सोलत बसलं होतं.

"मिस हिर्शलर," ते एकदम अदबीने म्हणाले, "तुम्ही जॉर्डन पाहिली आहे का हो?"

"नाही. डॅन्यूब पाहिली आहे."

"ती पण मोठीच म्हणा," बेवन म्हणाले आणि थोडे खट्टू होऊन गेले.

त्या दिवसापासून घरात एक करार झाला. शनिवारी पॅरीबाईंनी चूल पेटवायची, दिवे लावायचे. रविवारी चॅपेलच्या माणसाला जे करायचं नसतं, ते रेगिनाने करायचं. फक्त चार भिंतींच्या आत. "अंगणात मात्र तू पण ख्रिस्ती," पॅरीबाई म्हणाल्या. रेगिना बऱ्याच दिवसांनी हसली. ज्यू रीतीने कापलेलं नाही म्हणून त्या घरातलं मांस ती खात नसे. अंडी, बटाटे, कांद्याची पात आणि खारवलेला मासा यांवर भागवे. पॅरीबाई तिच्या ताटाकडे बघून सुस्कारा सोडत आणि एक अंडं जास्त उकडायला सांगत. वाईट बाई नव्हती. तेच तर अवघड होतं. वाईट असती तर रेगिनाने मनातल्या मनात शिव्या तरी घातल्या असत्या.

एप्रिलमध्ये रेगिनाने पहिल्यांदा योलानचा विषय काढला. पॅरीबाई म्हणाल्या, "बघू." मे महिन्यात पुन्हा, "बघू." पॅरीबाईंची नणंद शेजारच्याच गल्लीत राही, तिला बाई हवी होती, पण तिला इंग्रजी कागदांची भीती. म्हणजे सही पॅरीबाईंनीच करायची. तेव्हापासून रेगिना त्या सहीभोवती पाऊल जपून टाकू लागली. रस्सा खारट झाला असं पॅरीबाई म्हणाल्या, की झाला. खिडक्या पुन्हा पुसायच्या म्हणाल्या, की पुसायच्या. गल्लीतल्या बायका तिच्यासमोर वेल्श भाषेत हसत, ती खाली मान घालून जाई. व्हिएन्नाहून योलानची पत्रं येत, त्यांत कधी रडगाणं नसे. "आमच्या खोलीत आता नऊ जणं आहोत," ती लिही, "दहावा आला की प्रार्थनेला पुरेसे पुरुष व्हावेत म्हणून मी मिशा वाढवते." रेगिना ती पत्रं पॅरीबाईंना इंग्रजीत सांगे, ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात हेही समजावून सांगे. पॅरीबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. मग एकदा त्या आपण होऊन म्हणाल्या, "ही पोरगी यायलाच हवी इथे. कुठे आहे तो कागद?"

कागद निर्वासितांना मदत करणाऱ्या लंडनच्या समितीकडून मागवावा लागे. त्याला तीन आठवडे लागले. तो आला शुक्रवारी, चार ऑगस्टला, संध्याकाळच्या शेवटच्या टपालात, पॅरीबाईंच्या नावाने. पॅरीबाई गायनस्पर्धेच्या तालमीला गेलेल्या. मालकिणीचं पत्र उघडायची रेगिनाची काय टाप! तिने पाकीट घड्याळाला टेकवून ठेवलं आणि पाच वाजल्यापासून त्याच्याकडे बघत बसली. सूर्य उतरत चालला. ज्यूंचा पवित्र शनिवार, शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळतानाच सुरू होतो; शेवटी वेळ झाली तशी तिने त्याच्या दोन मेणबत्त्या लावल्या. पॅरीबाई आल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या होत्या.

सकाळी पॅरीबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. मालकीण आणि नातेवाईक, दोघींनी एकमेकींच्या समोर सह्या करायच्या होत्या.

"ये, बस. बाराच्या टपालात मी स्वतः टाकून येते."

"आज नाही, बाई."

"आज नाही म्हणजे?"

"आज शब्बाथ आहे. मला लिहायचं नसतं."

"अगं, एक सही! तुझं नाव! देव काय पोस्टमास्तर आहे का, तारखेचा शिक्का तपासत बसायला?"

रेगिनाने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. तिचे वडील सांगत, जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, मोडलाच पाहिजे. पण कोणी बुडत नव्हतं, कुठे आग नव्हती. कागद होता. योलान व्हिएन्नात होती, विनोद करत होती. एका दिवसाने काय होणार? आज आपण सगळे शहाणे आहोत; त्या शनिवारी तिच्या जागी कोण काय करता, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचं तोंड मला बघायचं आहे. एक्केचाळीस वर्षांत जे केलं नव्हतं, ते तिच्या हाताला करता आलं नाही, एवढंच.

"तुझी बहीण, तुझा देव," पॅरीबाई म्हणाल्या. कागद ड्रॉवरमध्ये टाकून बाजाराला गेल्या. दिवसभर त्यांनी कपबश्या जरा जास्तच आपटल्या.

रात्री आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला. पॅरीबाई साडेनऊलाच वर जाऊन झोपल्या होत्या. रेगिनाने ड्रॉवरमधून कागद काढला, दौत घेतली, टाक घेतला आणि जिना चढू लागली. उद्या पॅरीबाईंचा रविवार, हे तिला माहीत होतं. सही झाली तर उद्या जंक्शनवरच्या टपालगाडीला पाकीट देता आलं असतं, पण सहीसाठी आजच्या रात्रीचे दोन तासच होते. सातव्या पायरीवर ती थांबली. दाराखाली उजेड नव्हता. इंग्लंडला येणाऱ्या बायकांना समितीने एक पुस्तिका दिली होती: मोठ्याने बोलू नये, तक्रार करू नये, मालकिणीला त्रास देऊ नये. सकाळी आपण नाही म्हणालो आणि आता झोपेतून उठवायचं? चिडल्या तर? सहीही नाही आणि नोकरीही नाही. मग एक नाही, दोघी बहिणी बुडाल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दौत कलंडू नये म्हणून पोटाशी धरून ती बराच वेळ उभी राहिली आणि मग खाली आली.

रविवारी न्याहारीलाच तिने कागद पुढे ठेवला. "जंक्शनवरून संध्याकाळी टपालगाडी जाते. मी चार मैल चालत नेऊन देते. फक्त सही करा."

पॅरीबाईंनी कागदाला बोटही लावलं नाही. "उद्या."

"देव पोस्टमास्तर नाही, असं काल तुम्हीच म्हणालात."

"काल शनिवार होता."

"मी तुमची चूल पेटवते रविवारी! ती चालते, आणि माझ्या बहिणीसाठी टाक उचलवत नाही तुमच्याने?"

"आवाज कमी कर." पॅरीबाईंनी बशी बाजूला सारली. "माझा नवरा रविवारी गेला, रेगिना. त्याच्या भावाला कळवायचं पत्रसुद्धा मी सोमवारी लिहिलं. तुला काल जमलं नाही, तसं मला आज जमत नाही. तू तरी मला बोलू नकोस."

रेगिनाने कागद उचलून पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला.

सोमवारी सकाळी सातला दोघींनी सह्या केल्या. पण तो ऑगस्टचा सुट्टीचा सोमवार, पोस्ट बंद. चॅपेलची सहल समुद्रावर निघाली होती. घरात कोंडून बसू नकोस म्हणून पॅरीबाई तिलाही घेऊन गेल्या. सगळं नान्टवेन पाण्यात पाय बुडवून ओरडत होतं, आयझॅक बेवन विजार गुडघ्यापर्यंत वर करून भजन म्हणत होते, आणि रेगिना कोट घालून वाळूत बसली होती. पाकीट तिच्या पर्समध्ये होतं आणि पर्स दोन्ही हातांत. मंगळवारी सकाळी पोस्टाचं दार उघडलं तेव्हा रांगेत ती पहिली होती.

योलानचं पत्र आलं ते दोन सप्टेंबरला, शनिवारी. पाकीट फाडायलाही शब्बाथला बंदी, म्हणून पॅरीबाईंनी फाडून दिलं. त्या वाचू शकत नव्हत्या, पत्र जर्मनमध्ये. त्या रेगिनाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"परवाना हातात पडला!" योलानने लिहिलं होतं. "आता फक्त ब्रिटिश वकिलातीत शिक्का. परवाने येतील त्या क्रमाने नंबर देतात. खालच्या मजल्यावरच्या रोझालीचा माझ्या चार दिवस आधी आला, तिचा बुधवारी शिक्का झाला, गुरुवारच्या गाडीने चालली. माझा नंबर सोमवारी, चार तारखेला. मालकिणीला सांग, मला रस्सा करता येत नाही, पण मी खूप चांगलं खोटं बोलते."

"काय म्हणते?" पॅरीबाईंनी विचारलं.

"सोमवारी शिक्का," रेगिना म्हणाली. रोझालीच्या चार दिवसांचं वाक्य तिने सांगितलं नाही; शुक्रवारी आलेला त्यांचा कागद मंगळवारी निघाला होता, तेही चारच दिवस.

दुसऱ्या दिवशी अकराच्या प्रार्थनेत कोणीतरी पाळकांच्या हातात चिठ्ठी दिली. इंग्लंड आणि जर्मनी यांचं युद्ध सुरू झालं होतं. सोमवार उजाडला, पण व्हिएन्नात शिक्का मारणारं कोणी उरलं नव्हतं.

पुढची सहा वर्षं रेगिना त्याच स्वयंपाकघरात होती. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यापासून तिचा पासपोर्ट जर्मन, म्हणून तिला न्यायमंडळासमोर उभं केलं. जर्मनांनी हाकललेली बाई इथे जर्मन ठरली! पॅरीबाईंनी काठी आपटून साक्ष दिली, तरी अट पडलीच: पाच मैलांच्या पुढे जायचं नाही, नकाशा बाळगायचा नाही, सायकल नाही, आठवड्याला पोलिसाकडे हजेरी. पोलीसदादा ओशाळून म्हणत, "मिस हिर्शलर, अजून इथेच ना?" ती म्हणे, "जाणार कुठे?" रेडक्रॉसमार्फत पंचवीस शब्दांचे निरोप जात. पंचवीस शब्दांत योलानचा विनोद मावेनासा झाला. शेवटचा निरोप बेचाळीसच्या मे महिन्यात निघालेला: प्रकृती ठीक, प्रवासाला जात आहे, पत्ता नंतर.

चौघांत हसूनखेळून असणाऱ्या त्या दोन बायका घरात योलानचं नाव काढीनाशा झाल्या. रेगिनाला वाटे, शनिवार माझा, जिना माझा. मी दार वाजवलं असतं तर रोझालीच्या शेजारी योलान बसली असती. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

शेहेचाळीसच्या वसंतात रेडक्रॉसचं पत्र आलं. योलान हिर्शलर, जून १९४२, पूर्वेकडे नेलेल्या गाडीत. त्या गाडीतलं कोणी परतल्याची नोंद नाही. रेगिनाने ते वाचून पॅरीबाईंच्या पुढे ठेवलं आणि कणीक मळायला गेली. त्याच महिन्यात अमेरिकेहून चुलतबहीण माल्काचे कागद आले: जामीन, जहाजाची जागा, न्यू जर्सीत एक खोली, कोपऱ्यावर ज्यू खाटीक आणि ओळीने ज्यू शेजार. परवाना, हजेरी, पाच मैल, सगळं संपलं होतं. रेगिना सुटली होती. तिने पेटी काढली.

पॅरीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आता काठी दोन्ही हातांत लागे.

"जायच्या आधी एक सांगायचंय. तू गेल्यावर कोणाला सांगू?"

रेगिना घडी घालत राहिली.

"त्या शनिवारी रात्री मी जागी होते."

कुठल्या शनिवारी, हे विचारायची गरज नव्हती.

"सातवी पायरी करकरते. तुझा पाय वाजला. कागद घेऊन आलीस, हे कळलं मला. मनात म्हटलं, सकाळी माझं ऐकलं नाहीस ना? आता थांब जरा. वाजव दार, विनव. तू वाजवलं असतंस तर उठले असते गं. देवाशपथ उठले असते. मी वाट बघत होते. आणि मग तू खाली गेलीस, आणि मला उठून हाक मारायचा कमीपणा वाटला."

रेगिनाच्या हातातला ब्लाउज खाली पडला. "सात वर्षं!" ती ओरडली. त्या घरात ती पहिल्यांदाच ओरडत होती. "सात वर्षं मी स्वतःला खातेय! सांगितलं का नाहीत?"

"तू निघून गेली असतीस."

"कुठे? कुठे जाणार होते मी? पाच मैलांपुढे पोलीस सोडत नव्हता!"

पॅरीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि रडू लागल्या. रेगिनाने त्यांना जवळ घेतलं नाही, पाणीही दिलं नाही. त्या घटकेला त्या बाईचा गळा दाबावासा तिला वाटला होता, हे तिने पुढे कधी लपवलं नाही. त्यानंतर तीन आठवडे ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवण वाढी, गुडघ्यांना तेल चोळी, भिंतीकडे बघत. आणि वरच्या खोलीत पॅरीबाई रात्र रात्र इकडून तिकडे काठी टेकत फिरतात, ते ती खाली आपल्या बिछान्यात पडून ऐके.

जहाजाची तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा ती पोस्टात गेली आणि माल्काच्या नावाचं पाकीट बेवनसमोर ठेवलं. जहाजाचं तिकीट आत होतं, ते पाकिटाबाहेरूनही कळत होतं. बेवननी वजन केलं, पुन्हा केलं आणि शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं.

"मिस हिर्शलर, आता तर दार उघडं आहे. तिकडे तुमची माणसं आहेत, तुमचं खाणंपिणं आहे. इथे काय ठेवलंय? आणि बाईंशी तर तुम्ही बोलतही नाही म्हणे."

"नाही बोलत."

"मग?"

"माल्का कधी योलानला भेटली नव्हती," रेगिना म्हणाली. "तिकडे मी एकटीच असेन. इथे निदान दुसरी एक बाई आहे, जिला योलानमुळे झोप लागत नाही."